माझ्या वतीने दिलेलं उत्तर

माझ्या नवऱ्याचं जर्मन उत्तम आहे, हे हॅनोव्हरमध्ये भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसाने मला सांगितलं आहे. तो स्वतःही सांगतो. गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर आहे आणि मीटिंगमध्ये जर्मन लोकांच्या चुका काढतो म्हणे. मला त्याच्या जर्मनचा राग येतो, आणि तो २०१५ सालापासून तसाच आहे.

आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट वर नेताना माझ्या कमरेत काहीतरी सटकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जायला लागली. दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबते तेव्हा असं होतं, एवढं मलाही कळत होतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, बायकांची कंबर जायचीच." मी फोन नवऱ्याकडे दिला.

ऑर्थोपेडचा, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांचा, टेर्मिन (इथे अपॉइंटमेंटला तेच म्हणतात) मिळेपर्यंत मी गोळ्या खाऊन, कुशीवर पडून दिवस काढले. निघताना नवऱ्याने बजावलं, "मी बोलतो. आपण जर्मन बोललो की इथे मान मिळतो." डॉक्टरांनी खरं तर इंग्रजीतच सुरुवात केली होती. मला जर्मन येत नसलं तरी इंग्रजी येतं, पुण्यात मी कॉलेजात केमिस्ट्री त्याच भाषेत शिकवत होते. पण मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याचं जर्मन सुरू झालं. मान मिळाला, तो त्याला. डॉक्टर त्याच्याकडेच बघून बोलत राहिले आणि मी दुरुस्तीला आणलेल्या मिक्सरसारखी शेजारी बसून राहिले.

डॉक्टरांनी मला झोपवून पाय वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालायला लावलं. मग त्यांनी एक लांबलचक प्रश्न विचारला. नवऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, "नाइन." म्हणजे नाही, एवढं जर्मन मलाही कळत होतं.

"काय विचारलं?" मी म्हणाले.

"काही नाही गं, रुटीन असतं."

बहुतेकांची सरकलेली गादी काही आठवड्यांत आपोआप शांत होते, तेव्हा गोळ्या घ्या, फिजिओथेरपी करा, झोपून राहू नका, असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला घरी पाठवलं. सल्ला चुकीचा नव्हता. त्यांना जे उत्तर मिळालं होतं त्याला तो बरोबरच होता.

इथे नवऱ्याच्या घरचं, म्हणजे माझ्या सासरचं, एक सांगायला हवं. त्या घरात बाथरूममध्ये गेलं की आधी नळ सोडतात, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. लघवी हा शब्द तिथे मी कधीच ऐकला नाही. सगळे नुसतं "जाऊन येतो" म्हणतात. लग्नानंतर मीही नळ सोडायला शिकले. त्यामुळे बसायच्या जागी मला काही दिवसांपासून बधिर वाटत होतं, पुसताना हात लागल्याचं नीट कळत नव्हतं, हे त्या घरातल्या माणसाला आपणहून सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, गोळ्यांमुळे होत असेल.

पुढच्या शनिवारी सकाळी पोट तट्ट फुगलं आणि कितीही वेळ बसले तरी लघवी होईना. नवरा म्हणाला, "सोमवारी फोन करू, आज डॉक्टरांची प्रॅक्सिस, दवाखाने, सगळं बंद असतं." मी कोट घातला आणि दारात जाऊन उभी राहिले. मग तो उठला.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात मणक्यांच्या शस्त्रक्रिया करणारी एक डॉक्टर आली. नवऱ्याने जर्मन सुरू केलं, तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्या कॉटच्या कडेला बसली. इंग्रजीत तिने मला सरळ विचारलं, लघवी होते का, लागलेली कळते का, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतं का. मी सगळं सांगितलं. नवरा भिंतीवरच्या आगीच्या सूचना वाचत होता.

"बधिरपणा कधीपासून?"

"ऑर्थोपेडकडे गेले त्याच्या आधीपासून."

"त्यांनी हे विचारलं नाही? हे विचारल्याशिवाय कुणी घरी पाठवत नाही."

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच तो लांबलचक प्रश्न मला आठवला. मी नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरनेही पाहिलं. उत्तम जर्मन येणारा माणूस पुन्हा आगीच्या सूचना वाचायला लागला.

कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो आणि बाहेर आलेली गादी त्या सगळ्या जुडग्यावर बसली होती. असं झालं की थांबायचं नसतं, जेवढं लवकर उघडाल तेवढं वाचतं, असं तिने सांगितलं. एमआरआय झाला आणि त्याच दिवशी त्यांनी ऑपरेशन केलं.

दुसऱ्या दिवशी नवरा कॉटशेजारी बसून रडला. "परक्या माणसासमोर तुझ्याबद्दल असलं कसं बोलणार होतो मी?"

"माझ्याबद्दल बोलायचंच नव्हतं," मी म्हणाले. "मला विचारायचं होतं."

पाय बरा झाला, कळ गेली. लघवी लागलेली मात्र मला आजही कळत नाही. घड्याळ बघून जावं लागतं, आणि घड्याळ चुकलं तर कपडे बदलावे लागतात. ते पुन्हा नीट होईल असं आता कुठलाच डॉक्टर म्हणत नाही.

मध्यंतरी आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून कोलोनला निघालो होतो. गाडी फलाटावर येत होती. नवरा डब्यांच्या पिशव्या सांभाळत पुढे उभा होता, तिथूनच त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "अगं, लघवीला जाऊन आलीस ना?" हल्ली त्याला लाज वाटत नाही. शेजारची बाई मला हळूच म्हणाली, "किती काळजी घेतात हो तुमची."

मी हो म्हणाले. किती सोपा प्रश्न आहे, गाडी थांबायच्या आत विचारून होतो.