तिच्या निकालाचे पेढे

माझी बायको सत्तेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसली. मी सोलापुरातल्या एका हायस्कूलमध्ये मराठीचा मास्तर. नववीत असताना तिची आई गेली आणि घर सांभाळायला तिची शाळा सुटली, एवढं मला माहीत होतं. ते तिला अजून सलत असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

दुपारची कामं आवरून ती ओट्याजवळ बसून अभ्यास करायची. एकदा वही घेऊन आली.

"अहो, हा निबंध जरा बघता का?"

"दिवसभर पोरांचे तेच वाचतो. आता घरीपण?"

तिने वही मिटली. पुन्हा कधी विचारलं नाही.

निकाल मोबाईलवर लागला तेव्हा ती हाताला कणीक तशीच ठेवून बाहेर धावत आली. "अहो, पास झाले मी! मराठीत ब्याऐंशी!"

खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. "सर, यंदा तुमच्या घरातपण दहावी आहे म्हणे," असं शाळेत कुणीतरी हसून म्हणालं होतं, ते डोक्यात घोळत होतं.

"बरं झालं," मी म्हणालो. "पण आता त्याचं करायचं काय?"

तिने हाताची कणीक खरवडून काढली. मग "चहा ठेवते," म्हणून आत गेली.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, रिक्षात माझ्या खांद्यावर मान टाकली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याभराने कपाट आवरताना तिची वही सापडली. प्रत्येक निबंधाखाली लाल शाईने शेरा होता. 'छान.' 'अक्षर सुधारले.' 'शाब्बास.' अक्षर तिचंच होतं. आणि प्रत्येक शेऱ्याखाली तिने माझी सही गिरवली होती. परक्यांच्या लेकरांना मी हेच शेरे मोकळ्या हाताने वाटत आलो होतो. खाली फरशीवर बसून मी सगळी वही वाचली. निबंध खरोखरच चांगले होते. एकात लिहिलं होतं, माझी शाळा सुटल्यावर शाळेची घंटा कानावर पडू नये म्हणून मी भांडी जोरजोरात घासायची. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मीच ऐकलं नव्हतं?

वर्षश्राद्धाला मोहोळहून तिची थोरली बहीण आली. कुणाजवळ तरी कबूल करावं म्हणून मी वहीचा विषय काढायला गेलो. तोवर तीच बोलायला लागली.

"लई हौस तिला शिकायची. पास झाली तवा पेढं घिऊन आली की माझ्याकडं. म्हनली, ह्येंनीच आनल्यात, सगळ्या गल्लीत वाटल्यात. पाव्हणं, लई कौतुक केलंसा बगा तुमी तिचं."

"हसत होती का ती?" मी विचारलं.

"तर! नव्या नवरीवानी लाजत व्हती."

मी पेढे आणले नव्हते. ते ओठांवर आलंही. पण निदान या एका बाईच्या मनात तरी माझ्या बायकोचं कौतुक झालेलं होतं. ते मोडायचा मला काय अधिकार?

"हो," मी म्हणालो. "आणले होते मी."

तिने पदर डोळ्यांना लावला. मी उठलो आणि मोरीत जाऊन आतून दार लावून घेतलं.