संपतचं बोट आन माझी जाहिरात

"माझं बोट, माझा मोबाईल, तुझ्या बापाचं काय जातं?" म्हनं! अरं संपत्या, माझा बाप तुझा सख्खा चुलता लागतो, एवढं तरी ध्यानात ठेव! आन बोट तुझं असंल, पन तू ज्यावर दाबतोस ती जाहिरात माझी हाय. माझ्या पोटावर बोट ठेवलंयस तू!

एवढं बोलायच्या आत त्यानं फोन कट केला. म्हनून आता तुमाला सांगतो. तुमी वाचनारी मानसं, मधी बोलत न्हाय, ते बरं.

आमच्या खोलीत किस्से कसे साठत्यात म्हनाल, तर माळ्यावर जुन्या ट्रंका साठल्यात तसे. कुनाची कुठली, इचारायचं न्हाय. खोली घोडपदेवला, गावकीची. म्हंजे सगळ्या गावानं मिळून घेतलेली. गावचा मानूस मुंबईत आला की पथारी हितंच. मी हितं ऱ्हाऊन गोदामात वझी उचलली, ती पाठ जाईपर्यंत. डॉक्टर म्हनला, "आता पिशवीसुद्धा उचलायची नाही." म्हनलं, "मग तुझी फी पन तूच उचल!"

शाळा माझी चौथीपर्यंत. पाठ गेली, आता खायचं काय?

*

खोलीत एक रीत हाय. सकाळी च्या उकळत असताना, ज्याला सपान पडलं त्यानं ते सांगायचं, मगच कप हातात घ्यायचा. पोटात सपान ठेवून वझं उचललं की मानूस घसरतो, असं जुनी मानसं सांगायची.

गनूतात्या खोलीत सगळ्यात म्हातारे. एका सकाळी ते म्हनले, "वडाळ्याच्या मिठागरात आपली म्हैस बसलीय. आन मीठ सगळं दूध झालंय. म्हैस गळ्यापतोर दुधात, डोळे मिटून."

"मग? हाक न्हाय मारली?" मी इचारलं.

"कशी मारू? तिला झोप लागली व्हती."

च्या उतू गेला तरी कुनी उठंना.

खाली फ्रान्सिस ऱ्हातो. बापजाद्यांपासनं मुंबईचा, हापिसातनं रिटायर, च्या प्यायला वर येतो. त्यो मला म्हनला, "अरे, हे तू फोनमध्ये बोल. फोन आपोआप लिहितो. मी तुला वेबसाईट बनवून देतो. लोक वाचतील, बाजूला जाहिराती येतील, त्याचे पैसे तुला."

"सपनाचे पैसे?"

"पाठीचे मिळत होते ना? मग?"

मी फोन काढून त्याच्या हातात दिला.

*

म्हशीच्या सपनाशेजारी पैली जाहिरात आली ती गादीची. पांढरी शुभ्र, ढगागत.

तात्यांनी फोन डोळ्याला लावला, लई येळ बघितलं, आन हळूच म्हनले, "ह्यांना कसं कळलं रं, म्हशीला झोप लागली ते?"

*

मग झाला घोटाळा. मी खोलीत बोलून गेलो की जाहिरातीवर कुनी बोट दाबलं की जास्त मिळतं. झालं! आमच्या गावात कुनाचं घर शाकारायचं असंल तर सगळी वाडी जाती, बोलवाय लागत न्हाय. गावकीची बैठक बसली, ठराव झाला. रोज सकाळी च्याच्या आधी हरेकानं धा येळा दाबायचं. न दाबनाऱ्यानं भांडी घासायची!

दुसऱ्या दिशी मी डोळे उघडले तर बारा मानसं भितीला टेकून बसलेली. डोळ्यात अजून झोप, पांघरूनं खांद्यावर, खिडकीतनं कवळं ऊन, कुनी बोलत न्हाय, नुसते अंगठे हलत्यात. जपमाळ वडल्यागत. मला भरून आलं. एवढी मानसं माझ्यासाठी!

चार दिस झाले न्हाईत तर जाहिरात कंपनीचं पत्र आलं. फ्रान्सिसनं वाचलं आन चष्मा काढला.

"तुझ्याच माणसांनी तुझा गळा दाबलाय बाबा. त्यांना कळतं, कोण वाचून दाबतो आणि कोण उगीच दाबतो. आता ताकीद दिलीय. पुन्हा झालं तर तुझं खातं कायमचं बंद. मग पाया पडलास तरी उघडणार नाही."

मी खवळलो. पन खवळायचं कुनावर? बारा मानसं माना खाली घालून उभी.

गनूतात्या तेवढे बोलले. "गावानं हात लावला तर गुन्हा? मग ही कंपनी कुठल्या गावची?"

*

मी भितीवर कोळशानं लिवलं, "जाहिरातीला बोट लावील त्याचं बोट मोडीन." फ्रान्सिस म्हनला, "असं नसतं लिहायचं." म्हनलं, "मग मोडून दाखवू का?"

त्याचा परिनाम असा झाला की तात्या फोनच धरंनात. फोन पाटावर ठेवायचे, हात मागं बांधायचे, आन लांबनं वाकून वाचायचे. पान सरकवायला कुनीतरी बोलवायचे. फ्रान्सिस दारातनं बघून म्हनला, "घरातल्या देवापेक्षा फोनला सोवळं जास्त!"

त्याच दिसांत एका गड्याला सपान पडलं. लालबागच्या पुलावर भात लावलाय. हिरवागार, वाऱ्यानं हलतोय. गाड्या चिखलातनं सावकाश चालल्यात, कुनी हॉर्न देत न्हाय, आन डायवर लोक चपला हातात घेऊन बांधावरनं चालत्यात. त्याच्या बाजूला जाहिरात आली गाडी धुवायच्या साबनाची! खोली हसून हसून लोळली.

त्यो गडी हात जोडून म्हनला, "एवढी एक दाबू द्या हो!"

मी त्याचा हात धरून ठेवला. पार जाहिरात बदलंपतोर.

*

आता संपतचं.

संपत माझा चुलत भाऊ, धाकटा. दोघं एकाच दिशी मुंबईला आलो. एका सकाळी सगळी कामाला गेल्यावर त्यो माझ्याजवळ बसला.

"दादा, एक सांगतो. पन हे फोनला सांगू नको."

"बोल."

"तू घाटात उभा हायस. डोक्यावर पोतं. पाठ वाकलीय. मी तुझं पोतं माझ्या डोक्यावर घेतलं, तर ते हलकं. आत सावरीचा कापूस. मी उडाया लागलो दादा. खाली तू हात वर करून वरडतोयस, 'संप्या, पोतं सोड, पडशील!' पन मी सोडलं न्हाय."

एवढं सांगून त्यो कामावर गेला. मी दुपारीच फोनला सांगितलं. का सांगितलं? मला ऱ्हावलं न्हाय, एवढंच.

ते सपान लोकांनी लई वाचलं. लांबलांबच्या मानसांनी. संपतच्या सासऱ्यानं पन वाचलं, आन त्याला फोन करून हसला. संपत खोलीत आला आन वरडला, "माझं सपान इकून खाल्लंस!"

मी "चुकलं" म्हनायला पायजे व्हतं. मी म्हनलं, "मग जा! ट्रंक उचल आन जा!"

त्यानं उचलली. गेला अँटॉप हिलला सासऱ्याकडं. तितं सरकारी कॉलनीत वॉचमन लागला.

म्हैना झाला न्हाय, कंपनीचं दुसरं पत्र आलं. फ्रान्सिसनं आकडे काढून बघितले. "रोज दुपारी एक वाजता. एकाच पानावर. दोन-तीन वेळा दाबतो आणि जातो. हा कोणीतरी ओळखीचा आहे, मुद्दाम करतोय."

"कुठलं पान?"

"संपतचं."

मी तितल्या तितं फोन लावला. पुढचं तुमी सुरवातीला वाचलंयच. बोट त्याचं, मोबाईल त्याचा!

फ्रान्सिस म्हनला, "ओरडून काही होत नाही. कंपनीचा फॉर्म असतो. कोण दाबतोय ते आपणच आधी कळवायचं, म्हणजे खातं वाचेल. नाव दे, मी भरतो."

म्हनलं, "थांब. आदी मी त्याचं बोट मोडून येतो."

*

आज गेलो. अँटॉप हिलची ती कॉलनी दुपारची झोपलेली. वाळत घातलेल्या चादरी फुगून हलत व्हत्या. शिवडीकडनं गुलाबी पाखरांची एक रांग वरनं गेली, आवाज न करता. फाटकाशी झाडाखाली खुर्ची, खुर्चीत संपत, माझ्याकडं पाठ. मी पायातली चप्पल हातात घेतली आन मागं जाऊन उभा ऱ्हायलो.

एक वाजला. त्यानं फोन काढला. पान उघडलं.

त्यो वाचत व्हता. अक्षरं जुळवून जुळवून, व्हट हलवत. माझ्याएवढीच शाळा त्याची. "संप्या... पोतं... सोड... पडशील." तितं थांबला. मान वर करून झाडात बघितलं. परत वरपासनं सुरवात केली. परत "पडशील"पाशी थांबला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर सदऱ्याच्या टोकानं फोनची काच पुसली. मग, ठराव झाला तवा खोलीत दाबायचा तसं, जाहिरातीवर बोट दाबलं. एकदा. दोनदा. फोन खिशात घातला आन भाकरीचं फडकं सोडलं.

मी चप्पल पायात घातली आन आलो.

फ्रान्सिस, तू आयकतोयस न्हवं? फॉर्मवर त्याचं नाव लिवू नको. लिवलं असशील तर खोड. त्या एका पानावरची जाहिरात काढून टाक. व्हय, सगळ्यात जास्त तेच पान चालतंय, म्हाईत हाय मला! पान ऱ्हाऊ दे, अक्षरं मोठी कर, नुसती जाहिरात काढ. उद्या दुपारी एकच्या आत झालं पायजे. माझ्या तोंडाकडं काय बघतोस? काढ!