सोजराबाईचा नेम

बाजाराच्या दिवशी डोणगावात उतरली की सोजराबाई आधी शकूरच्या दुकानात जायची, मिरची-मीठ मागाहून. शकूर टीव्ही दुरुस्त करायचा आणि कोपऱ्यात पोरांसाठी व्हिडिओ गेम ठेवायचा. पोरं रिमोट दाबून गाड्या पळवायची. पण त्या खोक्याला एक प्लास्टिकची बंदूकही जोडता यायची. मग पडद्यावर बदकं उडायची आणि नेम धरून ती पाडायची. सोजराबाई एकदा बॅटरी दुरुस्तीला आली होती, तेव्हा तिनं सहज ती बंदूक हातात घेतली आणि एकामागून एक सगळी बदकं झोपवली. पोरांनी तोंडात बोटं घातली.

त्यात नवल कसलं? बाईचा जन्म ज्वारी राखण्यात गेला होता. माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलता हाकलता तिची नजर तयार झाली होती. पुढे बीटी कपाशी आली आणि गावानं ज्वारीला रामराम ठोकला. कपाशीवर कुठलं पाखरू बसतंय? पहिली दोन-चार वर्षं बोंडं लगडली. मग फवारण्या वाढल्या, भाव पडले, आणि पारावर बसणारी माणसंसुद्धा बोलेनाशी झाली. त्या उदास वर्षांत सोजराबाई हसायची ती शकूरच्या दुकानात. साठीची बाई पदर खोचून स्टुलावर बसली की शेजारचे दुकानदारही डोकवायचे. तेवढा वेळ तिला आपण पुन्हा ज्वारीच्या वावरात उभ्या आहोत असं वाटायचं.

मग शकूरनं जुना टीव्ही बदल्यात देऊन नवा, चपटा टीव्ही आणला. चित्र कसं लख्ख दिसायचं. सोजराबाईनं नेम धरला आणि बदक उडून गेलं. दुसरं गेलं, तिसरंही गेलं. तिनं बंदूक हळूच खाली ठेवली.

“बंदूकच बिघडली असन, माय,” शकूर म्हणाला.

“नाचता येईना, अंगण वाकडं. काऊन समजूत घालून राह्यला? डोळे गेले माहे.”

घरी येऊन तिनं मुलाला, ज्ञानेश्वरला, सांगून टाकलं, “मी आता निंदाले येत नाही. कपाशी उपटीन अन् गवत ठेवीन.” आई थकली असं त्याला आधीपासूनच वाटत होतं. बाईनं जी हाय खाल्ली ती खाल्लीच. तांदूळ निवडायलाही ती सुनेला, पूनमला, हाक मारू लागली. बाजार तर सुटलाच.

एक दिवस शकूर मोटरसायकलवरून तिच्या दारात उतरला. मागे गोधडीत बांधलेला त्याच्या घरचा जुना डब्बा टीव्ही होता. त्याच्या बायकोनं, नूरजहांनं, मालिकांवर पाणी सोडून तो दिला होता.

“नव्या टीव्हीवर म्या बंदुकीचं तोंड काचेले टेकवून पाह्यलं, माय. तरी बदक पडत नाही. या जुन्यावर पडते. या बंदुकीच्या तोंडात उजेड टिपणारा डोळा राह्यते, नव्या काचेवरचं त्यालेच दिसत नाही. तू पाहून तर घे.”

“राहू दे बापू. उगाच हसं होईन.”

शकूर ऐकतो कुठला? त्यानं वायरी जोडल्या आणि ओट्यावर ठाण मांडलं. दुपारी लाइन आली तशी त्यानं बंदूक तिच्या मांडीवर ठेवली. घरची माणसं दारात येऊन उभी राहिली. सोजराबाईनं बंदूक उचलली. गवतातून बदक उडालं. तिनं श्वास रोखला आणि चाप दाबला.

बदक गरगरत खाली आलं.

सोजराबाई त्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं डोळ्यांना पदर लावला आणि बंदूक शकूरच्या हातात दिली.

“अजून उडून राह्यले, माय,” शकूर म्हणाला.

“उडू दे त्याईले,” ती उठत म्हणाली. “पूनम, माहं खुरपं कुठी ठेवलं वं?”