मधे सोडलेली जागा

देवरावमामा गेल्याचा निरोप मी शिकवते त्या शाळेतल्या फोनवर आला. मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झाली होती. रिसीव्हर खाली ठेवला, तरी पोरांच्या गोंगाटात मला एकच आवाज ऐकू येत राहिला... त्यांच्या कॅमेऱ्याचं भिंग फोकस शोधताना करायचं ती बारीक खर्रखर्र. पुढे, मागे, पुन्हा पुढे. अजूनही एखाद्या शांत दुपारी ती ऐकू येते.

मामा आमच्या नात्यातले नव्हते. परभणीत स्टेशनच्या रस्त्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझा मोठा भाऊ मिलिंद पालमजवळच्या आमच्या गावातून कॉलेजच्या प्रवेशासाठी परभणीला आला, तेव्हा अर्जावरचा फोटो त्यांनी काढला. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर तोच होणार होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रत्येक मोर्च्यात पुढे, खांद्याला कायम शबनम पिशवी. शेवटच्या वर्षाला काविळीनं गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. बाबा त्या स्टुडिओत जाऊन उभे राहिले, आणि मामांनी त्याची निगेटिव्ह शोधून काढली. एवढं मोठं चित्र करून दिलं, की आई दिवसभर त्याच्याशी बोलत बसली. तेव्हापासून ते आमचे मामा झाले. माझ्या शिक्षणाची चौकशी सख्ख्या मामानं करावी तशी त्यांनी केली.

त्यांची एक रीत होती. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घराचा फोटो काढताना ते बरोबर मधे एका माणसापुरती जागा सोडायला लावायचे. नंतर स्टुडिओत गेलेल्याचा चेहरा त्या जागेत असा बसवायचे, की सांधा दिसू नये. "सरका, त्याला बसू द्या," म्हणायचे. माणसं मुकाट सरकायची.

मी पदवीधर झाले त्या वर्षी आईनं हट्ट धरला, घराचा फोटो काढायचा आणि त्यात मिलिंद हवा. मामा एसटीनं आले ते नवाच कॅमेरा घेऊन. सौदीतल्या पुतण्यानं पाठवलेला. जुन्या कॅमेऱ्यात भिंगाचं कडं हातानं फिरवून चेहरा स्पष्ट करावा लागे. हा आपोआप करायचा.

"आता माझे डोळे शिणायचं कारण न्हाई," मामा कौतुकानं म्हणाले. "ह्यो आपला आपण माणूस हुडकतो."

"मग तुमी कामून आलाव?" बाबा म्हणाले. "त्यालाच एसटीत बसवून द्यायचं!"

मामा खूप हसले. त्यांना साखरेचा आजार होता एवढं आम्हाला माहीत होतं. डोळ्यांचं काही माहीत नव्हतं.

अंगणात खाट टाकली. एका कडेला आई, दुसऱ्या कडेला बाबा, मागे मी बाजूला उभी. मधे जागा. भिंग खर्रखर्र करत राहिलं, मग बारीक शिटी वाजली आणि खटका पडला. "झ्याक!" मामा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, न कळवता. चहा घेतला नाही. पाकिटातून फोटो काढून आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "अक्का, खरं सांगा. ह्यात माणसं पुसट हायत का माझे डोळे?"

आम्ही फोटोवर वाकलो. आम्ही तिघंही धुक्यात बसल्यासारखे दिसत होतो. मला माझं नाक ओळखू येत नव्हतं. पण आमच्या मधून, मागच्या ओसरीची भिंत लख्ख उमटली होती. भिंतीला खुंटी, खुंटीला मिलिंदची शबनम. आईनं ती कधीच काढू दिली नव्हती. तिचा उसवलेला टाका न टाका दिसत होता.

"माणसं पुसट हायत, मामा," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. माझ्या उत्तरावर त्यांचा धंदा टांगला होता, हे मला तेव्हा कळलं. मग ते हळूच म्हणाले, "ह्यो मधल्याच माणसाला हुडकतो. मी तर मधी जागा सोडली. तिथं कोण बसणार, ते ह्याला काय ठावं..."

"बरोबर हुडकलंय की," आई म्हणाली. तो फोटो तिनं परत दिला नाही.

मामांनी त्याच दिवशी दुसरा काढला. कॅमेरा आधी आईच्या चेहऱ्यावर धरला, बटण अर्धं दाबून भिंग तिथंच धरून ठेवलं, आणि मग मधल्या जागेकडे वळवला. "आदी जित्या माणसावर थांबायचं, सुजाता," मला म्हणाले. "मग मधी यायचं." त्या फोटोत मिलिंद आमच्यात बसला, आणि तो आमच्या भिंतीवर आहे. यंदा विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा आईनं त्याच्यापुढं पेढा ठेवला. मामांनी पुढेही फोटो काढले, तसेच अर्धं बटण दाबून... नजर जाईपर्यंत.

गेल्या रविवारी मामींनी मला बोलावलं. घरच्यांचा फोटो काढायचा होता, मामांच्याच कॅमेऱ्यानं, मामांच्याच स्टुडिओत. मामी आणि त्यांच्या दोन्ही मुली बाकावर बसल्या. मी काही सांगण्याआधीच त्या सरकल्या, मधे एका माणसापुरती जागा झाली.

मी मामींच्या चेहऱ्यावर कॅमेरा धरला. बटण अर्धं दाबलं. त्यांचे डोळे स्पष्ट झाले, शिटी वाजली. आता फक्त मधे यायचं होतं.

"थांब," मामी म्हणाल्या. "पहिल्यांदा कॅमेऱ्याला त्याचं त्याला हुडकू दे."

मी बोट उचललं, कॅमेरा मधल्या जागेवर आणला आणि पुन्हा दाबलं. खर्रखर्र सुरू झाली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. मामी आणि मुली विरघळत गेल्या. त्यांच्या मागे, पडद्याजवळ, मामांचं स्टूल होतं, त्यावर त्यांचा घडी केलेला रुमाल... तो हळूहळू उजळत आला, आणि शिटी वाजली.