रिकामा परत आलेला डबा

फुकटची एकही गोष्ट आयुष्यात तोंडात न घातलेला माणूस या पृथ्वीवर एकच आहे आणि तो शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहतो. ते माझ्या बाबांचे कॉलेजातले मित्र. नोकरीसाठी मी नागपूरहून इकडे निघाले तेव्हा बाबा म्हणाले होते, "काही लागलं तर काकांकडे जा." पहिल्याच रविवारी काका स्वतःच माझ्या अपार्टमेंटवर आले, "जय भीम, पोरी" म्हणाले, आणि मी चहा टाकायला उठले तर त्यांनी बॅगेतून स्वतःचा थर्मास काढला. "तू इथे नवीन. उद्या तुझं काही काम माझ्याकडे निघालं, तर चहा मध्ये यायला नको." मी कंपनीत कोड लिहिते. काका राज्य सरकारच्या खरेदी खात्यात, म्हणजे ऑफिसांच्या खुर्च्या आणि रस्त्यावरचा बर्फ उपसायची यंत्रं विकत घेणारे. माझं काम त्यांच्याकडे निघण्यासाठी मला आधी बर्फ उपसायचं यंत्र बनवावं लागलं असतं. पण काका शक्यता सोडत नाहीत.

बायका सुपरमार्केटमध्ये चीजचे फुकट तुकडे चाखत फिरतात तेव्हा काका गाडी ढकलत सरळ पुढे जातात. "चाखलं की घ्यावंसं वाटतं. म्हणूनच तर ठेवलंय ते." एकदा न्यू जर्सीला लग्नाला गेलो असताना काकूला तिथल्या आयसेलिनच्या भारतीय बाजारात साडी घ्यायची होती. दुकानदाराने बसायला सांगून आंब्याचा रस पुढे केला. काका तडक बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले. काकूने सव्वा तास साड्या पाहिल्या, दोन ग्लास रस प्यायला आणि काचेतून एकेक पदर काकांना दाखवला. काका बाहेरून हाताने नापसंती दाखवत होते. ऑफिसात एका कंत्राटदाराचं बॉलपेन चुकून त्यांच्या खिशात राहिलं, तर ते परत करायला ते बर्फात गाडी काढून दुसऱ्या गावी गेले. तो कंत्राटदार घाबरला. त्याला वाटलं, कंत्राट रद्द झालं.

आमच्या जयंतीच्या कार्यक्रमात मुलांची भाषणस्पर्धा असते. एका वर्षी काकांना परीक्षक नेमलं. ते खुर्चीवर बसले, पहिल्या मुलीने "थँक यू, काका" म्हटलं आणि ते उठले. "ही मला काका म्हणते. मला निर्णय देता येणार नाही." आयोजकाने कपाळाला हात लावला. "अहो काका, तुम्हाला काका न म्हणणारं पोरगं आता कुठून इम्पोर्ट करू यार?" मंडळाच्या निवडणुकीतही तेच. त्यांनी समोशाचा एक घास घेतला आणि मग कळलं, समोसे एका उमेदवाराने आणलेत. उरलेला समोसा त्यांनी कागदात बांधून त्या उमेदवाराला परत दिला आणि मत न देताच घरी गेले. तो उमेदवार एका मताने पडला. अजूनही त्या समोशाबद्दल बोलतो.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा रात्रभर बसून 'जागे व्हा!' असं सुरू होणारं काहीतरी लिहायचे आणि सकाळी आम्ही भावंडं चौकात ते वाटायचो. उद्गारचिन्हाशिवाय अन्यायाविरुद्ध लढता येतं, यावर माझा विश्वासच नव्हता. काका मात्र आवाज चढवत नाहीत. ते शांतपणे नाही म्हणतात, आणि समोरच्याला घाम फुटतो.

मग ती जागा निघाली. लॉबिइंगवर नजर ठेवायला राज्याला एक वरिष्ठ आयुक्त हवा होता. लॉबिइंग म्हणजे काय, तर कंपन्यांची पगारी माणसं आमदारांना जेवायला नेतात, गोल्फ खेळायला नेतात, आणि शेवटचं गोड येईपर्यंत कायद्यातलं एखादं वाक्य बदललेलं असतं. आपल्याकडे याला एक साधा शब्द आहे. इथे तो शब्द उच्चारला तर वकिलाची नोटीस येते, म्हणून इथे त्या लोकांची रीतसर नोंदणी करतात. या लोकांना वेसण घालेल असा माणूस शोधायचं काम एका समितीकडे होतं, आणि त्यांनी काकांना फोन केला.

काकांच्या निवृत्तीला तेव्हा काही महिने उरले होते. खात्यातली वरची जागा त्यांना वेळोवेळी नाकारली गेली होती. ते 'टीम प्लेयर' नाहीत म्हणे. कुणाबरोबर जेवत नाही तो टीममध्ये कसला! आणि आता, नोकरीच्या टोकाला, तोच दोष पहिल्यांदा पात्रता ठरत होता. काकांनी नवा सूट घेतला, तोही कूपन न वापरता. आरशासमोर उभे राहून ते मला म्हणाले, "पोरी, ही जागा मला हवी आहे." मग आपण काहीतरी घेतल्यासारखे ओशाळले. काकू आत मला हळूच म्हणाली, "स्वतःसाठी काही मागताना मी यांना पहिल्यांदा पाहतेय वो."

बातमी पसरली आणि आमच्या लोकांनी कंबर कसली. "माझ्या डेंटिस्टची बायको सिनेटरच्या ऑफिसात आहे, शब्द टाकू का?" "समितीतल्या एकाचा मुलगा माझ्या मुलाबरोबर सॉकर खेळतो, मी पिझ्झा पार्टी अरेंज करतो!" काकांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. "मला ज्याच्यावर नजर ठेवायची आहे, तेच तुम्ही करताय. आणि नोंदणीसुद्धा केलेली नाही." लोक दुखावले, पण थांबले.

शेवटी दोनच उमेदवार उरले, काका आणि एक बाई. मग उमेदवारांची माहिती काढणारा समितीचा चौकशी अधिकारी घरी यायचा होता: थोराड, पांढऱ्या मिशांचा, निवृत्त पोलीस. आपण समोर असलो तर चौकशीवर दबाव येईल, म्हणून काका दिवसभर लायब्ररीत जाऊन बसले. घरी काकू आणि मी. त्याने काकांबद्दल सगळं विचारलं. कर्ज, भांडणं, दारू. काकूने प्रत्येक प्रश्नाला "नो, नो" म्हणत त्याच्या बशीत चिवडा वाढला. तो नको म्हणाला की ती आणखी वाढायची. तो उठला तेव्हा तिने स्टीलचा डबा बेसनाच्या लाडवांनी गच्च भरला आणि त्याच्या हातात कोंबला. डब्याच्या झाकणावर काकूच्या आईचं नाव कोरलेलं होतं. "काकू, हे चालणार नाही!" मी मराठीतून ओरडले. "फॉर युवर मिसेस," काकू त्याला म्हणाली. मिसेसचं नाव निघाल्यावर तो बिचारा काय करणार? घेऊन गेला.

संध्याकाळी काका आले, आणि फळीवरची रिकामी जागा त्यांना उंबऱ्यातूनच दिसली.

"डबा कुठाय?"

"दिला त्यांना. म्हातारा माणूस दोन तास बसला होता, कोरडा पाठवू?"

"अगं, तो माझी चौकशी करायला आला होता!"

"मग? चौकशी करणाऱ्याला भूक लागत नाही का?"

काका खाली बसले. जेवले नाहीत. त्यांना दोन दिवसांनी शेवटच्या मुलाखतीला जायचं होतं, आणि ते तिथे काय करणार हे आम्हा दोघींना तेव्हाच कळलं. काकू एकदाच म्हणाली, "नका ना सांगू. कुणाला कळणार आहे?" त्यांनी तिच्याकडे रागाने पाहिलं नाही. नुसतं पाहिलं. तिने मान खाली घातली.

मुलाखतीला मीच त्यांना ड्राइव्ह करून शिकागोला नेलं. परत येताना त्यांनी सांगितलं. समितीने विचारलं होतं, तुम्हाला काही उघड करायचं आहे का? "हो," काका म्हणाले, "माझ्या घरातून तुमच्या अधिकाऱ्याला एक डबा गेलाय. त्याची चौकशी व्हावी." अध्यक्ष हसले. म्हणाले, अहो, फक्त मिठाई तर आहे! काका म्हणाले, "सर, प्रत्येक वेळी ती फक्त मिठाईच असते."

त्यानंतर कुणी हसलं नाही. चौकशी सुरू झाली, लाडू एका निवारागृहात पोचते झाले, आणि जागा त्या बाईंना मिळाली. मी भडकले. ज्या कामासाठी असा माणूस हवा होता, त्या कामासाठी तो जास्तच तसा निघाला! मनातल्या मनात मी चार पत्रकं लिहिली, सगळी 'धिक्कार'ने सुरू होणारी. काका सूट कपाटात टांगत म्हणाले, "छापू नकोस. तुझी नोंदणी नाही."

महिन्याभराने एका शनिवारी बेल वाजली. दारात नव्या आयुक्त बाई उभ्या, हातात काकूचा डबा. चौकशी संपली होती, काही गैर आढळलं नव्हतं. डब्यावर नाव कोरलेलं दिसलं, घरच्यांना तो मोलाचा असेल, म्हणून स्वतः आणून दिला म्हणाल्या. काकू हरखली. "कम, कम, टी!" बाईंनी हात जोडल्यासारखे केले. "सॉरी, मला घेता येणार नाही." आणि त्या उंबऱ्याबाहेरूनच गेल्या.

काकूने झाकण उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "आईचा डबा आजवर कुणाच्या घरून रिकामा आला नाही. दोन बिस्किटं तरी टाकायची."

काकांनी डबा हातात घेतला. उजेडात धरून आत बघितलं. धुतलेला, पुसलेला, कणभरही काही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "योग्य बाई निवडली गं," ते म्हणाले. मग खिडकीशी जाऊन बाईंची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत उभे राहिले. डबा हातातच होता. अंगठा झाकणावरच्या अक्षरांवरून फिरत होता.

निवृत्त झाल्यानंतरच्या रविवारी ते माझ्याकडे आले. सवयीने मी चहा विचारला नाही. ते बसले आणि खाली बघत म्हणाले, "आता माझ्याकडे कुणाचंच काही काम निघणार नाही, पोरी. चहा टाकतेस?"

थर्मास त्यांनी आणलाच नव्हता. मी आलं घालून चहा केला. काकांनी पूर्ण कप प्यायला, आवडला म्हणाले, आणखी अर्धा मागितला. तो ओतताना मला सारखं वाटत होतं, त्यांनी नको म्हणावं.