शकुनवहिनीचं चैत्रांगण

शकुनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बराकपूरच्या शाळेत तिने जन्मभर चित्रकला शिकवली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तिने रांगोळीने काढलेलं चैत्रांगण बघायला शेजारच्या बंगाली बायकाही यायच्या, आणि आंब्याची डाळ चापून "की शुंदोर!" म्हणायच्या.

पार्किन्सनने तिचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा बाईसाहेब हबकल्याच. डॉक्टरांनी कंपासाठी गोळी दिली आणि बजावलं, "डोस मनाने वाढवायचा नाही, एकदम बंदही करायचा नाही. तोंड थोडं कोरडं पडेल. पण लघवी अडली, घाम येईनासा झाला, बोलण्यात घोळ व्हायला लागला, तर लगेच या." गोळीने गुण आला.

पण गेल्या चैत्रात हिला हात अजून स्थिर हवा होता. कुणाला न सांगता जास्तीच्या गोळ्या घेतल्या! रेघा आल्या अगदी छापल्यासारख्या. दुपारी मात्र ती रिकाम्या खुर्चीला "बसा ना, संकोच कसला" म्हणायला लागली. आम्ही सगळ्या घामाने चिंब, आणि हिचं अंग तापलेलं, कोरडं ठाक. भाऊ म्हणाला, "ऊन लागलं असेल, पन्हं दे." मी ओरडलेच, "पन्हं राहू दे, आधी गाडी काढ!" गोळ्यांची पाकिटं पर्समध्ये कोंबली नि तिला थेट हॉस्पिटलात नेलं. वाटेत तिने मला विचारलं, "तुम्ही कोण?"

ती सावरल्यावर मी तोंड सोडलं. "अगं बये, रांगोळीपायी जीव देतेस?" डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू कमी करत आणली, दुसरं औषध बसवलं. हात थोडा हलणारच, हेही स्पष्ट सांगितलं.

यंदा तिच्या सुनेने, नूपुरने, रांगोळीचे तयार साचे आणले. मी म्हटलं, "मनगट धरू का?"

"हात नको लावूस. माझं मी काढते."

कासव वाकडं आलं, शंखाला पोक आलं. बाईंना त्याचं काही नाही. दारात उभी राहून आल्या-गेल्या प्रत्येकीला नावाने हाक मारत होती. मग ती मला कुंकू लावायला लागली. बोट हललं नि कुंकू भुवईपर्यंत ओघळलं.

"उज्ज्वला, फिसकटलं गं!"

"असू दे," म्हटलं, आणि दिवसभर ते पुसलं नाही.