तहसिलीतून आणलेली नक्कल

पोरीचं नाव शाळेत घालायचं म्हणजे सकाळी जाऊन दुपारपर्यंत उरकायचं काम, असा माझा समज होता. त्याला अख्खा जुलै महिना लागला. त्यात माझी रात्रपाळी. पाळीवरून सुटलो की घरी जाऊन आडवं व्हायच्या ऐवजी मी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहत असे. आजही कुठे शाळेची घंटा ऐकली की मला शिक्षण वगैरे काही आठवत नाही, आधी झोप आठवते.

मी तेव्हा भिलाईच्या कारखान्यात रिगर होतो. जड लोखंड तारेच्या दोरानं बांधायचं, क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या आणि ते वर जागेवर बसेपर्यंत मान वर करून उभं राहायचं, हे आमचं काम. कारखाना अजून बांधून होत होता. एक भट्टी पेटली की शेजारी दुसरीचा पाया खणायला घेत. आम्ही मूळ भंडारा जिल्ह्यातले. मी चौथी पास, बायकोला अक्षरओळख नाही. नागपूरला दीक्षा घेऊन आलो त्याच हिवाळ्यात गाव सोडलं आणि इथे मजुरांच्या छावणीत पत्र्याच्या झोपडीत राहिलो. पोरगी त्याच झोपडीत होळीच्या सुमाराला जन्मली. शेजारच्या छत्तीसगढी बाईनं नाळ कापली. नोंद कोण करणार आणि कुठे? तिथे ना पाटील होता ना कोतवाल. नुसता मुरूम आणि लोखंड.

पुढे मी पर्मनंट झालो, सेक्टरमध्ये एका खोलीचं क्वार्टर मिळालं, जवळच शाळा निघाली. पोरीला सहा वर्षं पुरी झालेली. आता पाठवायला उशीर नको, असं बायकोनं ठरवूनच टाकलं होतं.

पहिल्या दिवशी हेडगुरुजींनी क्वार्टरचा कागद मागितला. तो दुसऱ्या दिवशी नेला. मग त्यांनी पोरीला समोर उभं केलं आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन डावा कान धरायला सांगितलं. त्या काळी वय असंच मोजत. कान हाताला लागला तर सहा वर्षांचं, नाही लागला तर घरी जा. आमची पोरगी अंगानं बारकी. छावणीतलं पाणी पिऊन तिला दोनदा हगवण लागली होती, दोन्ही वेळा ती जेमतेम वाचली. तिनं मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, टाचा उंच केल्या, तरी बोटं कानापासून दोन अंगुळं लांबच राहिली.

"नहीं होगा," गुरुजी म्हणाले. "अगले साल लाना. नहीं तो जन्म का कागज लाओ."

गुरुजी दुर्गकडचेच होते. माणूस वाईट नव्हता. पण व्हरांड्यात माझ्यामागे तेलुगू, पंजाबी, बंगाली असे वीसेक बाप उभे होते. त्यांनाही प्रत्येकाला उत्तर द्यायचं होतं. मी पोरीला घेऊन घरी आलो. ती वाटभर कान धरायचा प्रयत्न करत होती आणि मी तिच्यावर खेकसत होतो, त्या बिचारीचा काही दोष नसताना.

बायको मात्र ऐकेना. तिला सातवा महिना लागत होता. दिवाळीच्या आसपास घरात दुसरं लेकरू येणार होतं.

"पुढच्या साली म्हणजे कधीच नाही," ती म्हणाली. "कडेवर लेकरू बसलं का पोरीची शाळा बसली. मले कोणं शिकवलं? चार भाऊ कडेवर वागवले मी, हे पाहा कंबर कशी झाली."

"अवं पण कागद कुठून आणू? ती इथं झाली."

"गावचा पाटील तुमचा दोस्त ना? त्याच्याकून लिहून आणा. तुमी चौथी शिकले कायले मंग?"

चौथी शिकल्याचा टोमणा मला घरात आठवड्यातून एकदा तरी मिळत असे.

मी दोन दिवसांची रजा काढली. दुर्गवरून पॅसेंजरनं गोंदियाला, तिथून पुढे मोटारीनं आणि शेवटी पायी. पाटलानं चहा पाजला, पण लिहून द्यायला नाही म्हणाला. जिथे जन्मली तिथे नोंद करायची, मी इथून खोटं कसं लिहू, हे त्याचं म्हणणं. त्याचं बरोबरच होतं, म्हणून मला अधिक राग आला. कोतवाल म्हणाला, तहसिलीत जाऊन विचार, उशिरा नोंद करून देत असतील तर. गावोगावच्या जन्माच्या वह्या शेवटी तहसिलीतच जमा होत.

दुसऱ्या दिवशी तहसिलीत गेलो. खिडकीवरच्या बाबूला सगळं नीट समजावून सांगायचं असं मी मोटारीत पाठ करून ठेवलं होतं. पण त्यानं मला बोलूच दिलं नाही. बापाचं नाव काय, गाव कोणतं, मुलगा की मुलगी, एवढं विचारून तो आत गेला. मी बाकावर बसल्या बसल्या झोपलो. तासाभरानं त्यानं खिडकीतून हाक मारली. "सापडली बरं का तुमची मुलगी," तो हसत म्हणाला. वह्यांच्या धुळीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

त्या वहीत लेकराचं नाव लिहीत नसत. बारसं व्हायच्या आतच कोतवाल नोंद करून जाई. बापाचं नाव, गाव, तारीख आणि पुढे मुलगा किंवा मुलगी, बस. त्यानं काढलेल्या ओळीत माझं नाव होतं आणि पुढे मुलगी असं होतं. ती मुलगी माझीच होती. पण ही नव्हती.

हिच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. गावातच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. दहा महिन्यांची होऊन ऐन पावसाळ्यात गेली. भिंत धरून उभी राहायला लागली होती. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव निघालं नाही. बायकोनं काढलं नाही, मग मीही काढलं नाही. धाकटीला तर आपल्याला बहीण होती हेसुद्धा माहीत नव्हतं.

खिडकीशी उभा राहून मी "ही नव्हे" एवढे दोनच शब्द बोलायला हवे होते. बाबू शाई वाळवत होता. माझी रजा संपत आली होती आणि डोळे चुरचुरत होते. मरणाची वही वेगळी असते, ती उघडायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी नक्कल घेतली, चौघडी करून खिशात ठेवली आणि स्टेशनच्या वाटेला लागलो. चोरी केल्यासारखं वाटत होतं. आपल्याच घरातली.

घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, "देल्लं का पाटलानं लिहून?"

"कागद भेटला," मी म्हणालो. एवढंच. तिला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. उंच गर्डरवर चालताना मी कधी घाबरलो नाही, पण चुलीपुढे बसलेल्या त्या बाईला ही गोष्ट सांगायला घाबरलो. मी ठरवलं, पाळीवरून परस्पर शाळेत जायचं, कागद द्यायचा, नाव घालायचं, विषय संपला. तिला वाचता थोडंच येतं.

पण सकाळी पाळी सुटून शाळेशी पोचलो तर ती पोरीला घेऊन आधीच व्हरांड्यात हजर. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, पोरीच्या दोन वेण्या घट्ट घालून.

"तू कावून आली? या अशा अंगानं?"

"पयल्या दिवशी मायनं यावं," ती म्हणाली.

आता परत फिरणं शक्य नव्हतं. गुरुजींनी आम्हाला आत बोलावलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला, मग पोरीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

"इसमें तो आठ पूरे होने को हैं. ये लड़की आठ की है?"

"अंग से बारीक है, गुरुजी," मी म्हणालो.

"हाँ, वो तो है," ते म्हणाले आणि रजिस्टर उघडता उघडता सहज, बोलायचं म्हणून बोलले, "अगस्त की है. पोरा तिहार के टाइम हुई होगी, है ना माताजी?"

पोरा म्हणजे आमचा पोळा. बायकोला महिने आणि साल कळत नव्हते, पोळा कळत होता. होळीला झालेलं लेकरू कोणतं आणि पोळ्याला झालेलं कोणतं, हे तिला कुठल्या वहीत पाहावं लागणार नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या दौतीकडे पाहत राहिलो. पोरगी मधे उभी राहून एका पायानं दुसरा पाय खाजवत होती. बायकोनं एक शब्द उच्चारला असता, हा हिचा कागद नाही एवढं म्हटलं असतं, तर सगळं तिथेच मोडलं असतं. मला तर वाटतं, ती बोलावी अशी माझी अर्धी इच्छाही होती. निदान मग मला घरी जाऊन झोपता आलं असतं.

"कागद पाहू द्या," ती मराठीतच म्हणाली. गुरुजींना समजलं. त्यांनी तो तिच्या हातात दिला.

तिनं तो टेबलावर पसरला. मग मला विचारलं, "कुठं लिवलं हाय?"

मी ओळ दाखवली. मुलगी या शब्दावर माझं बोट ठेवलं. मी बोट काढलं तिथे तिनं आपलं ठेवलं. घासून घासून गुळगुळीत झालेलं, राखेनं काळं पडलेलं तिचं बोट. व्हरांड्यात कोणाचं तरी पोर भोकाड पसरून रडत होतं आणि त्याचा बाप त्याला तेलुगूत समजावत होता. गुरुजी टाक हातात धरून थांबले होते. एवढ्या गर्दीत ते इतका वेळ का थांबले, हे मला तेव्हा कळलं नाही. कदाचित त्यांना समजलं असावं. त्यांनी फक्त इतकंच विचारलं, "कागज ठीक है ना, माताजी? इसी का है?"

तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हो," ती म्हणाली. "लिवा."

त्यांनी लिहिलं. नाव धाकटीचं, जन्मतारीख थोरलीची. माझी सही, तिचा अंगठा. मग गुरुजींनी नक्कल एका जाड फायलीत लावायला घेतली, तेव्हा ती घाबरल्यासारखी पुढे झाली.

"कागद परत नाही भेटणार?"

"नहीं माताजी. जब तक लड़की स्कूल में है, ये यहीं रहेगा."

ती पाहत राहिली. त्यांनी दोन भोकं पाडली, नाडी ओवली, गाठ मारली. कपाटाचं दार लागलं. शिपाई पोरीचा हात धरून तिला पहिलीच्या वर्गात घेऊन गेला. तिनं एकदा मागे वळून पाहिलं, ओठ काढले, पण आत कोणीतरी पाटी दाखवली आणि ती बसली.

आम्ही दोघं घराकडे निघालो. ऊन होतं, पाऊस दडी मारून बसला होता. रस्त्यावर मुरमाचे ढीग, पाइप, अर्धी बांधलेली क्वार्टरं. सातव्या महिन्याची बाई, तिला चालवत नव्हतं. मी रात्रभर जागा, मलाही नव्हतं. अशी वाट मी जन्मात दुसरी चाललो नाही. ती शिव्या देईल तर बरं होईल, असं वाटत होतं. ती एका पाइपाच्या सावलीत टेकली, कंबरेवर हात ठेवला.

शेवटी मीच बोललो. "माझं चुकलं. मी सांगाले पायजे होतं. तहसिलीत जाऊन दुसरी नक्कल आणतो मी. ती तुझ्यापाशी ठेव. तिचं म्हणून."

ती शाळेच्या दिशेनं पाहत होती. इथून तिथला गलका ऐकू येत होता, पाढे की बाराखडी ते कळत नव्हतं.

"नोका आणू," ती म्हणाली. "राहू द्या तिथंच. तिलेबी शाळेतच घालाचं होतं मले."